सरकवलेला देश

गूगल मॅप्सवर शांघाय उघडा आणि उपग्रहचित्रावर रस्त्यांच्या रेषा आणा. पूल एकीकडे, त्याच्यावरचा रस्ता दुसरीकडेच, सरळ पाण्यातून निघालेला. बिघाड नाही हा, कायदा आहे. चीनमध्ये परवान्याशिवाय नकाशासाठी मोजणी करता येत नाही आणि जनतेसाठीचा फोनवरचा नकाशा 'जीसीजे-०२' या सरकारी पद्धतीनेच काढावा लागतो. ही पद्धत प्रत्येक जागा मुद्दाम थोडी सरकवते. तेही सगळीकडे सारखं नाही: बेजिंग साधारण अर्धा किलोमीटर ईशान्येला, तर शांघाय तितकंच आग्नेयेला. हाँगकाँग आणि मकाव मात्र जागच्या जागी. चिनी प्रोग्रामर या सरकवलेल्या आकड्यांना 'मंगळावरचे अक्षांश-रेखांश' म्हणतात, ते उगाच नाही.

मग तिथले लोक चुकत कसे नाहीत? इथेच खरी गंमत आहे. उपग्रहांना सरहद्द कळत नाही, फोनमधली चिप अचूक जागाच काढते. नकाशाचं ॲप तिला जीसीजे-०२ च्याच सूत्रातून काढून तेवढीच सरकवतं. रस्ताही चुकीचा, निळा ठिपकाही चुकीचा, आणि माणूस बरोब्बर दारात! बायडू ही चिनी कंपनी तर यावर स्वतःची आणखी एक सरकवणी चढवते.

घोळ होतो तो माग काढताना. गाडीतला ट्रॅकर खरे अक्षांश-रेखांश पाठवतो. ॲपने ते तसेच चिनी नकाशावर टेकवले, की दारातली गाडी चार गल्ल्या पलीकडे दिसते.

कारण दिलं जातं राष्ट्रीय सुरक्षेचं. पण ज्यांचे स्वतःचे उपग्रह आहेत, त्या परक्या सैन्याला फोनवरचा नकाशा हवाय कशाला? माझ्या मते खरा फायदा परवानाधारक देशी कंपन्यांचा. चीनमध्ये ॲपलसुद्धा ऑटोनॅव्ही या चिनी कंपनीचाच नकाशा दाखवते.

आणि गुपित? सूत्र कधीच फुटलंय, त्याचे कोड सर्रास फिरतात. मुख्यतः साइनच्या लाटांची बेरीज आहे ती. उलट जायचं तर अंदाज करा, फरक बघा, दुरुस्त करा. थोड्याच फेऱ्यांत खरी जागा हाती येते.

त्यातल्या एका प्रसिद्ध कोडमध्ये 'ही जागा चीनमध्ये आहे का?' हे ठरवायला सीमारेषा नाही, निव्वळ एक आयत आहे: रेखांश ७२.००४ ते १३७.८३४७, अक्षांश ०.८२९३ ते ५५.८२७१. मुंबईचा रेखांश ७२.८ च्या आसपास. म्हणजे दादर, पुणे, नागपूर, पणजी, सगळे त्या आयतात! कुणी तो कोड न तपासता उचलला, तर दादर स्टेशनही बिनदिक्कत सरकेल.