‘आमची कोठेही शाखा नाही’

सणाचे दिवस आले की कोल्हापुरातील दैनिकांची पाने एकमेकांची भावंडे वाटू लागतात. पाडव्याला गुढी, दिवाळीला पणती, नवरात्रात अंबाबाईच्या देवळाचे शिखर. खाली दुकानाचे नाव तेवढे निराळे. यास चोरी म्हणता येणार नाही. गुढी कोणा एका पेढीची नव्हे. मात्र सामाईक विहिरीच्या पाण्याने कोणाचीच निराळी ओळख पटत नाही, हा हिशेब जाहिरातीचे पैसे भरणाऱ्याने मांडावयास हवा.

कायद्याची दृष्टीही अशीच आहे. आर. जी. आनंद यांच्या नाटकावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली स्पष्ट केले की, नुसत्या कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो. तो तिच्या विशिष्ट मांडणीवर असतो. जाहिरात क्षेत्राने 1985 मध्ये स्थापन केलेल्या मानक परिषदेची आचारसंहिताही दुसऱ्याच्या आधीच्या जाहिरातीची मांडणी, मजकूर वा घोषवाक्य उचलल्याचा भास होऊ नये, असे बजावते.

या भेदाचे उत्तम उदाहरण आपल्याच गावचे आहे. मूकपटांच्या आरंभकाळी जाहिरातीचा भार मुख्यतः छापील मजकुरावर असे. नाटकाचे पडदे रंगविलेल्या बाबूराव पेंटरांनी चित्रपटाची जाहिरातच चित्रातून केली. ‘कल्याण खजिना’ (1924) या त्यांच्या चित्रपटाचे भित्तिचित्र आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिचित्रांत सर्वांत जुने मानले जाते. पुढे अवघ्या चित्रव्यवसायाने ती रीत उचलली. कोणी त्यास चौर्य म्हटले नाही, म्हणूही नये. रीत सर्वांची झाली, कुंचला बाबूरावांचाच राहिला.

सामाईक म्हणजे बेवारस, असे मात्र समजू नये. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये प्राडाने मिलान येथे तसल्याच चपला नावाचा उल्लेख न करता मांडल्या; महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र धाडल्यावर कंपनीने त्या कारागिरीचे ऋण मान्य केले.

व्यापारी घराण्यांना याहून जवळचा प्रश्न घरातलाच असतो. भाऊ विभक्त होतात, दोन्ही पाट्यांवर आजोबांचे एकच नाव झळकते आणि एकीवर मथळ्यातील ते सुप्रसिद्ध वाक्य उमटते. (आता ते इतक्या फलकांवर दिसते की नकलेला नकार देणारे वाक्यच नकलेचा नमुना झाले आहे.) व्यापारचिन्ह कायदा, 1999 प्रामाणिकपणे स्वतःचे नाव वापरणाऱ्यास आडकाठी करीत नाही, त्यामुळे अशा वादात कोण खरा, हे ठरविणे अवघड जाते आणि गिऱ्हाईक संभ्रमात तिसऱ्याच दुकानी जाते. वाटणीपत्रात गाळे, माल, येणी-देणी यांची बारकाईने नोंद होते. पेढीचे नाव, जुने बोधचिन्ह व आजोबांचे छायाचित्र कोणाच्या पाटीवर राहील, हे कलम त्यात क्वचितच आढळते. वास्तविक ते त्याच बैठकीत, त्याच वकिलाकडून लिहून घेता येते.