इंजिनिअरिंगचं पहिलं सत्र : लेकराला किती झेपेल?

प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या की सोलापुरातल्या आपल्या वस्त्यांमध्ये पेढे वाटले जातात. कुणाच्या तरी घरातलं पहिलंच लेकरू इंजिनिअरिंगला लागलेलं असतं. पेढे संपायच्या आत सल्ले सुरू होतात. कोडिंगचा क्लास लाव. इंग्रजी बोलायचा कोर्स कर. स्पर्धा परीक्षेचा पाया आत्ताच घाल. संध्याकाळी चार तास दुकानात उभा राहा, घराला तेवढाच हातभार. सगळं प्रेमापोटीच. पण पहिल्या सत्राचा निकाल येतो तेव्हा गणित-१ राहिलेलं असतं आणि लेकरू घरात कुणाशी धड बोलत नसतं. आरोग्याच्या पानावर हा विषय आम्ही घेतोय तो यासाठी.

अमेरिकेत पहिल्या सत्रात किती विषय घ्यायचे हे बऱ्याच अंशी विद्यार्थी ठरवतो. आपल्याकडे तसं नाही. गणित, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र, मेकॅनिक्स, ग्राफिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, प्रोग्रामिंग, वर्कशॉप यांतले विषय कॉलेज नेमून देतं आणि ते सगळ्यांना घ्यावेच लागतात. म्हणजे कॉलेजच्या आतलं ओझं ठरलेलं आहे. बाहेरचं ओझं किती चढवायचं, हे मात्र घर ठरवतं.

थोडा हिशेब करू. एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांचे १६० क्रेडिट धरलेले आहेत, म्हणजे सत्राला सरासरी २०. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, पण प्रॅक्टिकलचे दोन तास तेव्हा एक क्रेडिट. समजा १२ क्रेडिट लेक्चरचे आणि ८ प्रॅक्टिकलचे, तर आठवड्याला २८ तास झाले. मधले रिकामे तास, लायब्ररी, प्रॅक्टिकलच्या सह्यांसाठी थांबणं धरून कॉलेजात ४० तास सहज जातात.

आठवड्याचे एकूण तास १६८. झोपेचे ५२ बाजूला काढा. आंघोळ, जेवण, घरकाम यांना २१. कॉलेज अशोक चौकात असेल तर बुधवार पेठेतून जवळ आहे. तुळजापूर रस्त्यावर किंवा पंढरपूरला असेल तर प्रवासाचं गणित वेगळं. मध्यम धरून १२ तास. उरले ४३. रोजचा अभ्यास, जर्नल आणि असाइनमेंट मिळून तीन तास धरले तर २१ गेले, उरले २२. यातच नळाला पाणी यायची रात्र, कुणाचं आजारपण, नात्यातलं लग्न, विहारातला कार्यक्रम. आता दुकानातले रोजचे चार तास सहा दिवस मोजा : २४. हिशेब बसत नाही. मग तो झोपेतून वसूल होतो, कारण घरात झोपच एक अशी गोष्ट आहे जिच्यासाठी कुणी भांडत नाही.

अठरा ते पंचवीस वयात सात ते नऊ तास झोप लागते. हे लाड नाहीत. दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं होतं ते बरंचसं झोपेत. पाच तास झोपून लेक्चरला बसलेल्या मुलाला फळ्यावरचं दिसतं, पण उतरत नाही. मग तो स्वतःला ‘ढ’ समजायला लागतो. वर्गात आडनावावरून, इंग्रजीवरून आधीच कुणी जोखत असेल, तर ही समजूत आणखी घट्ट होते.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, ‘बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे.’ करायचे. जयंतीला सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम होतो, तो आम्हालाही आवडतो, पण तो वर्षातून एक दिवस असतो. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या तीन वर्षांत बाबासाहेबांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले, शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र वेगळे. पण बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती पाठीशी होती, आणि ते बी. ए. होऊन गेलेले होते, बारावीतून नव्हे. पुढच्या आयुष्यात मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने त्यांना किती छळलं, हेही आपल्याला ठाऊक आहे. लेकराला त्यांची चिकाटी जरूर सांगा. त्यांचं घड्याळ पहिल्याच सत्रात त्याच्या गळ्यात बांधू नका.

मग काय ठेवायचं, काय सोडायचं? आमचं मत स्पष्ट आहे : पहिल्या सत्रात बाहेरचा एकही कोर्स नको. पायथॉन, ऑटोकॅड, इंग्रजी संभाषण हे सगळं दुसऱ्या सत्रानंतरही शिकता येतं, गणित-१ मात्र आत्ताच आहे. प्रवेशफेऱ्या लांबल्या की हे सत्र आखूड होतं, आणि शेवटच्या फेरीत आलेल्यांचे पहिले काही आठवडे बुडालेलेच असतात. अशा मुलाने तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी वर्गमित्राची वही गाठावी. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एआयसीटीईच्या ई-कुंभ संकेतस्थळावर पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत मोफत आहेत. ती इंग्रजी पुस्तकाशेजारी ठेवून वाचली की निम्मी भीती जाते.

कमाईचं काय? गरज खरी असते, ती नाकारून चालत नाही. पण पहिली कमाई महाडीबीटीवरचा अर्ज आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे. गाव सोडून शिकणाऱ्या आणि सरकारी वसतिगृह न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, बँक खात्याला जोडलेलं आधार यांसाठीचे हेलपाटे आईवडिलांनी किंवा वस्तीतल्या मोठ्या दादा-ताईंनी घालावेत. शिष्यवृत्तीला ७५ टक्के हजेरी लागते, म्हणजे कामासाठी लेक्चर बुडवलं तर दोन्हीकडून नुकसान. कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ आहे का, ते विचारा. नसेलच आणि काम करावंच लागणार असेल, तर ते रविवारपुरतं असावं.

मुलींचा हिशेब आणखी वेगळा. भाऊ कॉलेजातून आला की त्याच्या हातात चहा येतो, बहीण आली की तिच्या हातात झाडू. ते २१ तास तिच्या वाट्याला ३५ होतात. घरात एकदा बसून कामं वाटून घ्या. तिचं हिमोग्लोबिनही सत्राच्या सुरुवातीला सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. थकवा ‘अभ्यासाचा’ म्हणून सोडून दिला जातो आणि कारण रक्तात असतं.

डब्याला महागडं काही लागत नाही. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही, सोबत उसळ. सकाळी उपाशी जाऊन कँटीनच्या वड्यावर दिवस काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

एखादा विषय राहिला तर एटीकेटी असते. किती विषयांपर्यंत पुढे जाता येतं ते कॉलेजच्या नियमपुस्तिकेत असतं, ते सत्र सुरू होतानाच वाचून ठेवा. निकालाच्या दिवशी वाचलेला नियम धमकीसारखा वाटतो.

आणि काही खुणांकडे लक्ष ठेवा : जेवण कमी होणं, रात्रभर जागं राहणं, कॉलेजच्या वेळी घराबाहेर पडून भलतीकडेच बसणं, निकाल लपवणं, ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असं बोलणं. असं दिसलं तर आधी ऐकून घ्या, मार्कांचं नंतर. तो जगण्याचा कंटाळा बोलून दाखवत असेल तर त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असतो. लेकरू बोलायला तयार नसेल तर आई-वडिलांनी स्वतः लावला तरी चालतो.