एका बोल्टाचा सेन्सर

मागच्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी रात्री साडेनऊला मुलीचा फोन आला. "बाबा, गाडी बंद पडली. एम-14 वर आहे, शोल्डरला. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन पकडत नाहीये." मला पोचायला पंचवीस मिनिटं लागली. शेजारून ट्रक गेला की अख्खी गाडी हलत होती. मुलगी कठड्यापलीकडे गवतात उभी होती, तसं मीच तिला फोनवर सांगितलं होतं. मी किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली. जणू काही झालंच नव्हतं!

ही तिसरी वेळ. गाडी 2003 ची, डिझेल, दोन लाख अडतीस हजार मैल झालेली. मुलगी ज्या वर्षी जन्मली त्याच वर्षी ती सेकंडहँड घेतली, आणि आता मुलगीच ती घेऊन अ‍ॅन आर्बरला कॉलेजला जाते. पहिल्या वेळी एका गॅरेजने डिझेल फिल्टर बदलला, दुसऱ्या वेळी एक रिले. तिसऱ्या वेळी त्यांनी मोकळेपणाने सांगितलं की डिझेल मोटारी आम्ही आता फारशा घेत नाही. दुसऱ्या गॅरेजने चारशे डॉलरच्या वर अंदाज दिला, तोही "बहुतेक सेन्सर असेल" एवढ्यावर. घरी आल्यावर बायको शांतपणे म्हणाली, "पुढच्या रविवारपर्यंत ही नीट झाली नाही, तर भंगारात. रात्रीची तिला मी या गाडीत पाठवणार नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथे एक कबुली द्यायला हवी. डेट्रॉइटच्या आसपास आपल्या गणपतीच्या आरतीला जे लोक उभे असतात, त्यांतले कितीतरी जण आणि जणी मोटारींच्या धंद्यात आहेत. कोणी ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितं, कोणी इंजिनाचं कॅलिब्रेशन करतं. पण तेल बदलायला मात्र सगळे दुकानात जातो. मी स्वतः सांगलीच्या वालचंदचा मेकॅनिकल. पहिल्या वर्षी वर्कशॉपच्या तासाला कानस मारून लोखंडाचा एक चौकोनी तुकडा केला होता, त्यानंतर हातात पाना धरल्याचं आठवत नाही.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तसं नव्हतं. आमच्या मळ्यात विहिरीवर किर्लोस्करांचं डिझेल इंजिन होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी आमच्या गावापासून फार लांब नाही. इंजिनं मात्र पुढे पुण्यात, खडकीच्या कारखान्यात झाली. ती कंपनी 1946 ची. अण्णा डिकम्प्रेशनची दांडी वर करायचे, हँडल गरगर फिरवायचे, वेग आला की दांडी खाली सोडायचे, आणि इंजिन धडधडायला लागायचं. बॅटरी नाही, वायर नाही. जेवायला बसताना त्यांच्या नखांत काळं तेल असायचं. "तू शीक, तुझ्या हाताला हे लागायला नको," म्हणायचे. मी शिकलो. हाताला काही लागलं नाही.

म्हणून शनिवारी मुलगी मल्टिमीटर घेऊन गॅरेजात आली तेव्हा मला जरा संकोचच वाटला. ती इलेक्ट्रिकल शिकते. तिचा प्रश्न सरळ होता: "बाबा, डिझेलला स्पार्क प्लग नसतो ना? मग सेन्सर गेला म्हणून इंजिन बंद का पडेल?"

प्रश्न चांगला होता. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते, आमच्या गाडीसारख्या इंजिनात जवळजवळ एकोणीस पट, की ती तापून लाल व्हायची बाकी असते. त्यात डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. फवारा नेमका कधी आणि किती मारायचा, हे अण्णांच्या इंजिनात दातेरी चाकं, पंप आणि गव्हर्नरची वजनं ठरवायची. आमच्या गाडीत ते काँप्युटर ठरवतो, आणि त्याला क्रँकशाफ्ट कुठवर फिरलाय हे सांगणारा एकच साक्षीदार असतो, तो हा सेन्सर. आत एक चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तारेची गुंडाळी. समोरून दातेरी चाक फिरतं आणि प्रत्येक दाताला गुंडाळीत विजेचा एक ठोका उमटतो. बऱ्याच गाड्यांत या चाकावर साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे फेरी कुठे सुरू झाली ते कळतं. गाडी नुसती उभी असताना, मिनिटाला 900 फेऱ्यांवर, सेकंदाला 870 ठोके होतात. ठोके थांबले की काँप्युटर डिझेल बंद करतो. आंधळेपणाने फवारे मारण्यापेक्षा ते बरंच म्हणायचं.

जुन्या गुंडाळीची खोड अशी की तार कुठेतरी तुटायला आलेली असते. थंड असताना टोकं चिकटलेली राहतात. तापलं की पसरतात आणि सर्किट उघडं पडतं. थंड झालं की पुन्हा पूर्ववत. मी पंचवीस मिनिटांनी पोचलो आणि गाडी चालू झाली, ती यामुळेच. एक खूण आम्ही तिन्ही वेळा पाहूनही पाहिली नव्हती: स्टार्टर फिरत असताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नव्हता.

पण "यामुळेच" हे ठरवायचं कसं? कोड वाचणारं यंत्र लावलं. 1996 च्या मॉडेलपासून इथल्या गाड्यांना स्टिअरिंगखाली ते लावायची सोय असते, आणि ऑटो पार्ट्सची बरीच दुकानं कोड फुकट वाचून देतात. पी 0335 आला: क्रँकशाफ्ट सेन्सरचं सर्किट. सर्किट म्हटलं की सेन्सर, वायर, कनेक्टर, काहीही असू शकतं. नशीब असं की सेन्सर दिसत नसला तरी त्याच्या वायरचा कनेक्टर पुढे, हात पोचेल अशा जागी आहे. थंड गाडीवर मुलीने मोजलं: 1,080 ओहम. मग अर्धा तास गाडी फिरवून आणली आणि बॉनेट लावून दारात चालूच ठेवली. अकराव्या मिनिटाला ती गप्प झाली. मुलीने धावत जाऊन कनेक्टर काढला आणि मीटर लावला. मीटरवर नुसतं "ओएल", म्हणजे तार तुटलेली. चाळीस मिनिटांनी पुन्हा अकराशेच्या आसपास. दोन गॅरेजांना जे जमलं नाही, किंवा ज्याला वेळ मिळाला नाही, ते वीस डॉलरच्या मीटरने झालं.

खरं काम पुढेच होतं. हा सेन्सर ऑइल फिल्टरच्या घराखाली, ब्लॉकला चिकटून बसतो. वरून दिसत नाही, खालून अर्धवट दिसतो. धरून ठेवणारा बोल्ट एकच, पाच मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली, कारण रेडिएटरचा पंखा कधी फिरेल याचा नेम नसतो. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही, अगदी एका मिनिटासाठीही, जाऊ नये. पोटाखालचं प्लास्टिक काढलं, टर्बोकडून येणारा एक जाड पाइप सोडवला, आणि मग सगळं बोटांच्या भरवशावर.

मिशिगनचं मीठ बोल्टाच्या डोक्यात भरलेलं होतं. मी घाईने की घातली, ती निसटली, आणि डोकं गोल व्हायला लागलं तसा घाम फुटला. मुलीने मला बाजूला केलं. तिने टोच्याने बोल्टाच्या खळगीतली घाण खरवडून काढली, गंज सोडवणारं तेल मारलं आणि म्हणाली, "आता उद्या." मला घाई होती, तिला नव्हती. रविवारी सकाळी की हातोडीने हलके ठोकून आतवर बसवली, लांब दांडी लावली, आणि कट्ट असा आवाज आला. बोल्ट तुटला असं वाटून दोघंही थांबलो. सुटला होता.

बोल्ट निघाला, सेन्सर निघेना. वीस वर्षांत ओ-रिंग फुगून बसली होती. ओढला तर टोक तुटून आत राहील, म्हणून डावी-उजवीकडे वळवत राहायचं. माझं मनगट त्या फटीत जात नव्हतं, तिचं गेलं. वीस मिनिटं ती डोळे मिटून वळवत होती आणि मी टॉर्च धरून होतो. लहानपणी विहिरीवर अण्णांसाठी कंदील धरायचो, तसा.

नवा सेन्सर बसेना, कारण ऑनलाइन स्वस्तात मागवलेल्या त्या सेन्सरची वायर तीन इंच आखूड! भाग क्रमांक वरवर बघून मागवला, चूक माझीच. मूळ बनावटीचा, 62 डॉलरचा, गुरुवारी आला. बसण्याची जागा कापडाने पुसली, कारण खाली कचरा राहिला तर दात आणि सेन्सर यांच्यातलं अंतर बदलतं आणि ठोके क्षीण होतात. ओ-रिंगला तेलाचं बोट लावलं. बोल्ट नुसत्या मनगटाच्या जोराने आवळला, दांडी न लावता. मग वायर जुन्याच मार्गाने, तापणाऱ्या भागांपासून लांब बांधली. दरम्यान तो बोल्ट एकदा हातातून पडला आणि दुर्बीण लावूनही दिसेना. टोकाला चुंबक असलेल्या काठीने तो क्रॉसमेंबरच्या खाचेतून काढायला पाऊण तास गेला. हे एवढ्यासाठी सांगतो की यूट्यूबवर हा पाऊण तास कापलेला असतो.

शनिवारी सकाळी इंजिन चालू केलं. काटा लगेच वर गेला. मुलगी एम-14 वरून चाळीस मैल फिरून आली, बायकोला शेजारी बसवून. ही अट बायकोचीच होती. परत आल्यावर बॉनेट लावून गाडी तासभर दारात चालू ठेवली. अकरावं मिनिट आलं आणि गेलं.

तेवढ्यात अण्णांचा व्हिडिओ कॉल आला. मुलीने फोन बॉनेटखाली धरला. चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा कान पुढे करून ऐकत होते.

"आवाज बरा हाय," ते म्हणाले. "पण तेल बघितलंस का गं?"

"नाही, आजोबा."

"आधी बंद कर. मग बघ."

तिने बंद केलं आणि डिपस्टिक काढून पुसली. तेल अर्धा लिटर कमी होतं.