निर्मात्याविना मोटार : प्रीमियर पद्मिनीच्या जोपासनेचे तांत्रिक, आर्थिक व कायदेशीर पैलू

सारांश :
एखाद्या मोटारीचे उत्पादन थांबले आणि तिची नाममुद्राही बाजारातून नाहीशी झाली, तरी रस्त्यावरील मोटारी लगेच नाहीशा होत नाहीत. त्यांच्या निगेची जबाबदारी मात्र कारखान्याकडून मालक, मिस्त्री आणि जुन्या बाजाराकडे सरकते. मुंबईतील कुर्ला येथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी या मोटारीच्या आधारे प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचे विवेचन केले आहे. सुट्या भागांचा पुरवठा, इंधनातील बदल, नोंदणीविषयक नियम आणि कारागिरांचे ज्ञान या चार घटकांवर अशा मोटारीचे भवितव्य अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रीमियर पद्मिनी, सुटे भाग, इथेनॉलमिश्रित पेट्रोल, नोंदणी नूतनीकरण, कारागिरी.

१. प्रस्तावना

मोटार विकत घेणारा ग्राहक केवळ एक यंत्र विकत घेत नसतो. त्या यंत्रामागे उभी असलेली कारखाना, अधिकृत विक्रेता, सुट्या भागांचे कोठार आणि प्रशिक्षित कारागीर यांची साखळीही तो अप्रत्यक्षपणे विकत घेत असतो. निर्माता व्यवसायातून बाहेर पडला की ही साखळी तुटते आणि मालकाच्या हाती केवळ यंत्र उरते. भारतात हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची प्रीमियर या तिन्ही नाममुद्रांच्या मोटारींच्या वाट्याला हीच स्थिती आली. यांपैकी प्रीमियर पद्मिनीचा महाराष्ट्राच्या औद्योगिक व नागरी जीवनाशी निकटचा संबंध असल्यामुळे प्रस्तुत विवेचनासाठी तिची निवड केली आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना केली. आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या वाहनांची जुळणी कुर्ला येथे होत असे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य होऊन १९५४ पासून फियाट ११०० ही मोटार येथे आली. तिच्या फुगीर आकारामुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. १९६४ मध्ये त्याच मालिकेतील ११०० डी हे प्रारूप आले. फियाटबरोबरचा करार संपल्यानंतर काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने तीच मोटार विकली जाऊ लागली. कागदोपत्री नाव बदलले, तरी लोकांच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली.

परवाना पद्धतीच्या काळात मोटारीसाठी अनेक वर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. स्पर्धा नसल्यामुळे प्रारूपात मूलभूत बदल करण्याची निकड कंपनीला भासली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि ही स्थिती पालटली. चालू शतकाच्या आरंभी पद्मिनीचे उत्पादन थांबले. कंपनीने २००९ मध्ये रिओ ही मोटार आणून पुनरागमनाचा प्रयत्न केला. परंतु तो टिकला नाही आणि मोटारींच्या बाजारातून प्रीमियर हे नाव लुप्त झाले.

तथापि मूळ रचना चार दशकांच्या आसपास जवळजवळ स्थिर राहिली, ही गोष्ट आजच्या मालकाच्या दृष्टीने उपकारकच ठरली आहे. एका दशकातील मोटारीचे अनेक भाग दुसऱ्या दशकातील मोटारीला बसतात. ग्राहकाला जे तेव्हा गैरसोयीचे होते, तेच आज जतनाच्या कामी येते.

३. मोटारीची रचना व निगेची मुख्य अंगे

पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनाची क्षमता १०८९ घन सेंटिमीटर असून त्यात चार सिलिंडर आहेत. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर आहे. इंधनपुरवठा कार्ब्युरेटरद्वारे होतो, शक्ती मागील चाकांना मिळते आणि बहुतेक मोटारींत गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर असतो. या रचनेत संगणकीय नियंत्रणाचा अंशही नाही. बिघाड डोळ्यांनी दिसतो, कानांनी ऐकू येतो आणि साध्या हत्यारांनी दुरुस्त करता येतो. म्हणूनच निर्मात्याविना ती चालू राहू शकते.

निगेच्या दृष्टीने तीन अंगे विशेष महत्त्वाची आहेत.

(अ) शीतन व्यवस्था : इंजिनाचा ठोकळा बिडाचा, तर हेड अ‍ॅल्युमिनियमचे आहे. उष्णतेने हे दोन धातू सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. इंजिन प्रमाणाबाहेर तापल्यास हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि पाणी तेलात मिसळते. रेडिएटर साफ ठेवणे, पाण्याचा पंप व पंख्याचा पट्टा तपासणे आणि साध्या पाण्याऐवजी गंजरोधक शीतनद्रव वापरणे ही कामे अल्प खर्चाची आहेत. त्यांच्याकडे दुर्लक्ष झाल्यास मात्र संपूर्ण इंजिन उघडावे लागते.

(आ) पत्रा : या मोटारीला स्वतंत्र चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच तिची चॅसी होय. त्यामुळे तळपत्रा आणि दारांखालील पट्टी गंजली, तर ते केवळ सौंदर्याचे नुकसान नसून मोटारीच्या बळकटीचे नुकसान असते. मुंबई व कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत हा धोका अधिक असतो. जुनी मोटार विकत घेताना इंजिनापेक्षा आधी तळपत्रा पाहावा, असे जाणकार सांगतात त्याचे कारण हेच. इंजिन पुन्हा बांधता येते. पण कुजलेला सांगाडा दुरुस्त करणे हे खर्चाचे, वेळेचे आणि निष्णात टिनकाम करणाऱ्याचे काम आहे.

(इ) ब्रेक : चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. दीर्घ उतारावर सतत ब्रेक दाबल्यास ड्रम तापतात आणि ब्रेकची पकड सैल पडते. खंबाटकी किंवा बोर घाटात उतरताना खालचा गिअर ठेवून इंजिनाच्या रोधाचा उपयोग करणे म्हणूनच आवश्यक ठरते. मास्टर सिलिंडर व चाकांच्या सिलिंडरमधील रबरी वायसर ठरावीक काळाने बदलावे लागतात.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. उभी ठेवलेली मोटार चालत्या मोटारीपेक्षा लवकर खराब होते. ब्रेकचे सिलिंडर धरतात, पेट्रोलचा चिकट थर कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म छिद्रांत साचतो, बॅटरी उतरते आणि रबरी भाग ताठरतात. मोटार जपणे म्हणजे ती झाकून ठेवणे नव्हे. ती नियमितपणे थोडी थोडी चालविणे होय.

४. सुट्या भागांचा प्रश्न

निर्मात्याच्या अभावी सुटे भाग तीन मार्गांनी मिळतात. पहिला मार्ग म्हणजे जुन्या दुकानांत पडून राहिलेला न वापरलेला माल. त्याची गुणवत्ता चांगली असली, तरी रबरी भाग वयामुळे निकामी झालेले असू शकतात आणि हा साठा पुन्हा भरला जात नाही. दुसरा मार्ग म्हणजे मोडीत काढलेल्या मोटारींचे भाग. मुंबईचा चोर बाजार व कुर्ल्याचा भंगार बाजार, तसेच पुण्याचा जुना बाजार ही यासाठी परिचित ठिकाणे होत. तिसरा मार्ग म्हणजे नव्याने बनवून घेणे. लेथवर बुश कातून घेता येतात, ब्रेकच्या शूजना नवे अस्तर लावता येते, सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसविता येतात. कोल्हापूरसारख्या ओतकामाची परंपरा असलेल्या शहरात धातूचा एखादा भाग नव्याने ओतून घेणेही शक्य असते. काच, दिव्यांच्या भिंगा, दारांची रबरे आणि चकाकी दिलेल्या पट्ट्या यांबाबत मात्र हा मार्ग तितकासा सोपा नाही. परिणामी इंजिन चालू असूनही पुढच्या काचेअभावी मोटार उभी राहिली, असे घडू शकते.

हा पुरवठा इतकी वर्षे टिकला, त्याचे श्रेय हौशी मालकांना फारसे नाही. ते मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींना आहे. पद्मिनी टॅक्सी मोठ्या संख्येने रोज धावत असल्यामुळे सुट्या भागांना कायम मागणी होती. लहान कारखानदारांना ते बनविणे परवडत होते आणि मिस्त्रींना रोजचे काम मिळत होते. हौशी मालक या व्यवस्थेचा लाभ घेत होता, इतकेच. मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षे ठरविण्यात आली. ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली पद्मिनी ही शेवटची टॅक्सी ठरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनीचे टॅक्सीपर्व संपले. या घटनेकडे बहुतेकांनी स्मरणरंजनाच्या दृष्टीने पाहिले. उरलेल्या खासगी मोटारींच्या मालकांसाठी मात्र तिचा अर्थ आर्थिक आहे : ज्या मागणीवर सुट्या भागांचा बाजार उभा होता, ती मागणीच नाहीशी झाली. कारखाना बंद झाला तेव्हा नव्हे, तर टॅक्सी बंद झाली तेव्हा ही मोटार खऱ्या अर्थाने पोरकी झाली, असे म्हणता येईल.

५. इथेनॉलमिश्रित पेट्रोल

अलीकडील काळात इंधन हा एक नवा प्रश्न बनला आहे. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. पद्मिनीची इंधनव्यवस्था मूळ रचनेत या मिश्रणासाठी बनविलेली नव्हती. याचे परिणाम तीन प्रकारचे संभवतात. इथेनॉल जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा व गॅस्केट यांना फुगविते किंवा मऊ करते. त्यातून इंधनगळती व आगीचा धोका निर्माण होतो. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. मोटार दीर्घकाळ उभी राहिल्यास पाणी व इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी साचते आणि टाकी गंजते. शिवाय इथेनॉलच्या ज्वलनास कमी हवा लागते. आधुनिक इंजिनातील संवेदक हे प्रमाण आपोआप जुळवून घेतात. कार्ब्युरेटर तसे करू शकत नाही. त्यामुळे मिश्रणात इंधनाचे प्रमाण कमी पडते, इंजिन अडखळते व अधिक तापते.

उपाय अवघड नाहीत. इथेनॉलला दाद न देणाऱ्या नळ्या बसविणे, पंपाचा पडदा बदलणे, कार्ब्युरेटरचा जेट आवश्यकतेनुसार किंचित मोठा करणे आणि मोटार फार काळ उभी ठेवायची असल्यास टाकीतील पेट्रोल काढून घेणे, ही कामे कोणत्याही जाणत्या मिस्त्रीला जमण्यासारखी आहेत. मात्र ती करावीत हे कळविणारा निर्माता येथे नसल्यामुळे मालकालाच माहितगार व्हावे लागते.

६. कायदा व खर्च

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठीचे हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, तर २० वर्षांपेक्षा जुन्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. सर्वच पद्मिनी मोटारींनी ही वयोमर्यादा ओलांडलेली आहे. याखेरीज महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे, तसेच प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र व त्रयस्थ पक्ष विमा बंधनकारक आहे.

केंद्र शासनाने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय केली. आरंभीचे शुल्क २०,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी असते. परंतु अशी मोटार नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पद्मिनी हे नाव १९७४ चे असल्यामुळे अगदी सुरुवातीच्याच मोटारी या व्याख्येत बसतात. ऐंशी व नव्वदच्या दशकांतील मोटारी सामान्य वाहन म्हणून अतिशय जुन्या आणि वारसा म्हणून अद्याप तरुण, अशा मधल्या अवस्थेत आहेत. कर व शुल्काचा पूर्ण भार त्यांच्यावर पडतो आणि मोडीत निघण्याचा संभवही त्यांचाच अधिक असतो.

विम्याबाबतही अशीच अडचण आहे. उत्पादन बंद झालेल्या मोटारीचे विमामूल्य ठरीव तक्त्यानुसार निघत नाही. ते विमा कंपनी व मालक यांच्या संमतीने ठरते. म्हणून दुरुस्तीच्या पावत्या, छायाचित्रे व शक्य झाल्यास मूल्यनिर्धारकाचा दाखला जपून ठेवणे हिताचे ठरते.

७. पर्यावरण व सुरक्षितता

जुन्या मोटारीचे समर्थन करताना तिच्या मर्यादा नाकारणे योग्य होणार नाही. भारतात पेट्रोल मोटारींसाठी उत्सर्जनाची पहिली मानके १९९१ मध्ये आली आणि १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक आवश्यक झाला. त्यापूर्वीची पद्मिनी प्रतिकिलोमीटर नव्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन सोडते. अपघातात प्रवाशांना वाचविणारी हवापिशवी किंवा चाके घसरू न देणारी ब्रेक व्यवस्था तिच्यात नाही. दुसरीकडे, नवी मोटार बनविण्यातही ऊर्जा व खनिजे खर्ची पडतात आणि महिन्यातून काही किलोमीटर चालणाऱ्या मोटारीचा एकूण भार रोज धावणाऱ्या वाहनाच्या तुलनेत अल्प असतो. त्यामुळे नित्याच्या प्रवासासाठी पद्मिनीचा आग्रह धरणे समर्थनीय नाही. मर्यादित वापरासाठी तिचे जतन करणे समर्थनीय आहे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, नामशेष नाममुद्रेच्या मोटारीचे आयुष्य कारखाना बंद होण्याच्या दिवशी संपत नाही. तिची साधी रचना, दीर्घकाळ न बदललेले भाग आणि टॅक्सी व्यवसायाने पोसलेला बाजार यांनी पद्मिनीला दोन दशके अधिक जगविले. यांपैकी तिसरा आधार आता उरलेला नाही. पत्रा, ब्रेक किंवा इंधननळी यांचे प्रश्न पैशाने सुटू शकतात. परंतु इंजिनाच्या आवाजावरून व्हॉल्व्हचे अंतर ओळखणारा, कार्ब्युरेटर हाताने जुळविणारा मिस्त्री निवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जाते. ते कोणत्याही पुस्तिकेत पूर्णपणे उतरलेले नाही.

तंत्रनिकेतने, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालये यांना येथे करण्यासारखे काम आहे. अशा कारागिरांच्या कामाचे चित्रीकरण, दुर्मीळ भागांच्या मापांची आरेखने आणि मौखिक इतिहासाची नोंद हे प्रकल्प विद्यार्थ्यांना अल्प खर्चात करता येतील. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला त्यातून प्रत्यक्ष यंत्र समजेल आणि सामाजिक शास्त्रांच्या अभ्यासकाला मुंबईच्या श्रमजीवी इतिहासाचे एक साधन मिळेल. मोटारी थोड्या उरतील, हे अपरिहार्य आहे. त्या चालत्या ठेवण्याची विद्या तरी पुढील पिढीच्या हाती देणे आजही शक्य आहे.