शेवटच्या स्लॅशपलीकडे कोण राहतं?

आपला पत्ता घरापासून निघतो: मु. पो., मग ता., मग जि. कॉम्प्युटरचं उलट, आधी जिल्हा, शेवटी घर. /घर/फोटो/आंबा.जेपीजी या पाथमध्ये शेवटच्या स्लॅशनंतर फाइलचं नाव, त्याआधी फोल्डर. संपलं? छे, गंमत तर पुढेच आहे!

एक स्लॅश, दोन उत्तरं. /घर/फोटो/ असा शेवटी स्लॅश राहिला, तर पाथमधलं शेवटचं नाव काढून देणारी युनिक्सची बेसनेम कमांड सांगते ‘फोटो’. पायथॉनमधलं त्याच नावाचं जुनं फंक्शन मात्र रिकामी स्ट्रिंग हातावर ठेवतं!

आहे तिथंच! नुसतं ‘आंबा.जेपीजी’ देऊन डिरनेम कमांडला फोल्डर विचारा. उत्तर येतं एक टिंब, म्हणजे ‘इथंच’. दोन टिंबं असली की ‘एक पायरी वर’.

आडनाव कुठलं? ‘हिशोब.टार.जीझेड’चं एक्स्टेन्शन पायथॉनच्या पाथलिबला विचारलं, तर ते फक्त शेवटचं ‘.जीझेड’ देतं. आणि ‘.बॅशआरसी’? टिंब असूनही त्याला एक्स्टेन्शनच नाही. सगळं मिळून ते नावच.

विंडोजची रेघ उलटी का? ती आली विंडोजच्या आधीच्या डॉसकडून. 1981च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डरच नव्हते आणि / हे चिन्ह कमांडच्या ऑप्शनसाठी अडकलेलं. 1983मध्ये 2.0 आवृत्तीत फोल्डर आले, तेव्हा \ वर भागवावं लागलं.

जपानी कात्री. शिफ्ट-जेआयएस एन्कोडिंगमध्ये काही कांजी अक्षरांचा दुसरा बाइट नेमका बॅकस्लॅशचाच. भोळा प्रोग्रॅम पाथ तोडायला जातो आणि अक्षराचेच दोन तुकडे करतो. शिवाय जपानी विंडोजवर \ च्या जागी बहुधा येनचं चिन्ह दिसतं!

मराठीला जागा कमी. लिनक्सवर फाइलच्या नावाला सहसा 255 बाइटांची मर्यादा. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. काना, वेलांटी आणि हलंतसुद्धा वेगळे मोजले जातात. एकटा ‘महाराष्ट्र’च 30 बाइटांचा! म्हणजे 85 चिन्हांत नाव आटपायचं.

वाचायला दिलं, फाडून आणलं. सी भाषेतलं डिरनेम फंक्शन तुम्ही दिलेल्या मूळ स्ट्रिंगमध्येच बदल करू शकतं. जपून ठेवायचा पाथ असेल, तर आधी त्याची कॉपी काढा.

तरीही स्लॅश शोधून हातानं पाथ तोडण्यापेक्षा भाषेतलं तयार फंक्शन बरं. फक्त शेवटच्या स्लॅशबद्दल त्याचं मत काय, ते आधी विचारून घ्या!