फुगणे वेगळे, भरणे वेगळे

बंगळूरचे चिकपेट म्हणजे धाकटी पेठ. कन्नडमध्ये ‘चिक्क’ म्हणजे लहान. १५३७ साली केंपेगौडांनी नगराची आखणी केली तेव्हा दोड्डपेटे आणि चिक्कपेटे या रस्त्यांच्या चौकातून चार दिशांना बैलांचे चार नांगर सोडण्यात आले आणि त्यांच्या तासांवरून रस्ते ठरले, अशी आख्यायिका आहे. पुढे १६३८ मध्ये बंगळूर आदिलशाहीकडे गेले आणि शहाजीराजांची जहागीर झाले. आज ही पेठ रेशमी साड्यांच्या घाऊक व्यापारासाठी ओळखली जाते. मराठवाड्यातील रेशीम उत्पादकांना हा परिसर अनोळखी नाही. २०१८ मध्ये जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू होण्यापूर्वी त्यांचा माल बहुतांशी बंगळूरजवळच्या रामनगरलाच जात असे आणि आजही काही जण तिकडे जातात. कोषाचे पैसे हाती आले आणि घरात लग्न ठरलेले असले, की पाऊले साहजिकच चिकपेटकडे वळतात.

लग्नाच्या खरेदीत कापडाइतकाच आरसाही महत्त्वाचा असतो. दुकानाच्या दारातील पुतळ्याला चपखल बसलेला सदरा अंगात घातल्यावर खांद्यावरून ओघळतो. मापाच्या पोलक्याला दोन्ही बाजूंनी टाके घालावे लागतात आणि कोणीतरी सहज म्हणून जाते, ‘अंगाने भरायला हवी जरा.’ ‘काडी’, ‘सुकडा’, ‘हडकुळी’ हे शब्द आपल्याकडे थट्टेचे मानले जातात. ज्याला ते लहानपणापासून ऐकावे लागतात तो मात्र उन्हाळ्यातही आत दुसरा सदरा घालतो, तालमीत जायचे टाळतो आणि लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी ‘महिन्यात दहा किलो’ अशा जाहिरातीतील डबा गुपचूप विकत आणतो. लठ्ठपणाची चिंता आता उघडपणे बोलली जाते. किडकिडीतपणाची चिंता अजून लपवली जाते. ती लपते म्हणूनच फसवणुकीला सोपी जाते. विस्तार कार्यकर्ता गावात सर्वांच्या ओसरीवर बसणारा माणूस असल्यामुळे हा विषय त्याच्या कामाबाहेरचा म्हणता येत नाही.

प्रश्न किती मोठा आहे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष प्रमाणापेक्षा कमी वजनाचे आहेत. महाराष्ट्रात स्त्रियांचे हे प्रमाण २०.८ टक्के आहे. त्यासाठी वापरलेले माप म्हणजे बीएमआय : किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचे वजन ४८ किलो असेल तर भागाकार १७.६ येतो. १८.५ च्या खाली तो कमी वजनाचा समजतात. म्हणजे या माणसाला उंबरठा ओलांडण्यासाठी जेमतेम अडीच किलो हवे आहेत, जाहिरातीतले दहा नव्हेत. अठरा वर्षांखालील मुलांना हा आकडा लावू नये. त्यांच्यासाठी वयानुसार वेगळे तक्ते आहेत.

एकट्या वजनकाट्यावर मात्र विसंबता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एक छायाचित्र जानेवारी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि वैद्यकविश्वात गाजले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुणे जिल्ह्यातील खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा १९९३ पासून अभ्यास करताना याज्ञिक यांच्या गटाला हेच चित्र जन्मापासून दिसले : बाळ वजनाने कमी, स्नायूंनी कमी, पण चरबीने तितके कमी नाही. अशा बांध्याच्या तरुणाने गोड पेये, फरसाण आणि वनस्पती तुपावर वजन वाढवले, तर वाढ पोटावर होते आणि पुढे मधुमेह दारात उभा राहतो. म्हणून वाढलेला किलो कशाचा आहे, हा खरा प्रश्न आहे.

चिकपेटच्या दक्षिणेला, पायी जाण्याच्या अंतरावर टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आहे. १९२० च्या दशकात के. व्ही. अय्यर या तरुणाने आपली पहिली व्यायामशाळा याच महालाच्या आवारात सुरू केली, असे त्यांच्याविषयी लिहिले गेले आहे. १९४० मध्ये जे. सी. रस्त्यावर त्यांची मोठी व्यायामशाळा उभी राहिली. अय्यर कन्नड साहित्यातही वावरत. त्यांची ‘शांतला’ ही कादंबरी प्रसिद्ध आहे. १९३० मध्ये त्यांचे ‘मसल कल्ट’ हे पुस्तक आले. लंगोटातील, शिल्पासारख्या घोटीव देहाची स्वतःची छायाचित्रे त्यांनी सढळपणे छापली आणि टपालाने व्यायामाचे धडेही दिले. आजच्या मोबाइलवरील पिळदार देहांचे पूर्वज त्या छायाचित्रांत सापडतात. फरक इतकाच, की अय्यर धडे विकत होते, भुकटी नव्हे. दंड-बैठका, वजने आणि सूर्यनमस्कार यांची त्यांनी सांगड घातली. १९३७ मधील त्यांच्या पुस्तकाचा विषय सूर्यनमस्कारच होता. त्याच काळात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी महाराष्ट्रात सूर्यनमस्काराचा प्रचार करीत होते. या परंपरेचा जो भाग टिकाऊ आहे तो साधा आहे : स्नायूवर हळूहळू वाढता भार, त्यासोबत पुरेसे अन्न आणि त्यानंतर झोप. तिच्यातील छायाचित्रांना मात्र मापदंड मानू नये. छायाचित्रासाठीचा देह निवडक प्रकाशात आणि निवडक क्षणी टिपलेला असतो.

रेशीम उत्पादकाला हे समजावण्यासाठी जिमचे उदाहरण देण्याची गरज नाही. त्याच्या संगोपनगृहात वजनवाढीचा याहून मोठा चमत्कार दर महिन्याला घडतो. अंड्यातून बाहेर पडलेली अळी अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास असते. सुमारे पंचवीस दिवसांत ती चार-पाच ग्रॅमची होते, म्हणजे जवळजवळ दहा हजारपट. तरीही कोणता जाणकार शेतकरी पहिल्या दिवशी जून, जाड पाला टाकून ही वाढ घाईने करू पाहतो? चॉकी अवस्थेत कोवळा, पाणी आणि प्रथिने भरपूर असलेला तुतीचा पाला बारीक कापून देतात. पुढे पाल्याचे वय आणि मात्रा वाढते आणि एकूण पाल्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला एकट्या पाचव्या अवस्थेत लागतो. मध्ये चार वेळा अळी कात टाकण्यासाठी स्तब्ध होते, तेव्हा पाला थांबवतात. नवख्याला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. पण या विश्रांतीत बाधा आली की बॅच मागेपुढे होते. कोषातील रेशमाचे बहुतांश प्रथिन मुळात पाल्याच्या प्रथिनातून आलेले असते. पाल्यात नाही ते कोषात कोठून येणार?

याच संगोपनगृहात दुसरेही एक दृश्य दिसते. काही अळ्या एकाएकी टपोऱ्या आणि चकचकीत होतात, त्यांची वलये सुजतात, रंग पिवळसर पडतो. ज्याने पूर्वी पाहिलेले नाही त्याला ती पुष्ट वाटतात. ती ग्रासरी असते. विषाणूंनी पेशी फोडलेल्या असतात, कातडी जराशा धक्क्याने फाटते आणि आतून दुधाळ द्रव वाहतो. अशी अळी कोष करीत नाही. अनुभवी शेतकरी ती चिमट्याने उचलून चुन्याच्या निवळीत टाकतो. तो सूज आणि भर यांतला भेद डोळ्यांनी ओळखतो. संप्रेरकांचेही तसेच आहे. बाल्य संप्रेरकासारखी संयुगे पाचव्या अवस्थेत अत्यल्प मात्रेत दिली तर अळी थोडे दिवस अधिक खाते आणि कोष वजनदार होतो, असे प्रयोगांत आढळले आहे. मात्रा किंवा वेळ चुकली तर ती नुसतीच खात राहते आणि कोषावर चढतच नाही.

वजनवाढीच्या म्हणून सुट्या विकल्या जाणाऱ्या गोळ्यांकडे आता या नजरेने पाहावे. त्यांत सायप्रोहेप्टाडीन असू शकते. हे मुळात ॲलर्जीचे औषध. त्याने भूक वाढते आणि झोपही येते. ट्रॅक्टर चालवणाऱ्याने किंवा कडबाकुट्टीवर उभे राहणाऱ्याने ते घेणे धोक्याचे आहे. गोळ्या बंद झाल्या की भूकही पूर्वपदावर येते. डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड त्याहून घातक. पंधरा दिवसांत गाल गोल होतात आणि घरचे म्हणतात, ‘औषध लागू पडले.’ प्रत्यक्षात ते शरीरात साठलेले पाणी आणि चेहऱ्यावर सरकलेली चरबी असते. हातापायांचे स्नायू उलट झिजतात, रक्तातील साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो. काही आठवडे घेतल्यावर ते अचानक थांबवणेही जिवावर बेतू शकते. म्हणून कोणी आधीच घेत असेल तर ‘फेकून दे’ असे न सांगता त्याला गोळ्यांसह डॉक्टरांकडे पाठवावे. लेबलावर घटक नसलेली भुकटी आणि लेबल नसलेले कीटकनाशक या दोहोंना एकच नियम लावणे शहाणपणाचे.

मग भर कशाने पडते? आठवड्याला पाव ते अर्धा किलो ही चांगली गती आहे. त्यासाठी रोजच्या आहारात ३०० ते ५०० कॅलरींची जोड लागते. पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे २८० कॅलरी मिळतात, पेलाभर दुधातून दीडशेच्या आसपास, एका केळ्यातून शंभर. हिशेब इथेच पुरा होतो आणि यातले बहुतेक शेतातच पिकते. प्रथिनांबाबत राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. आहार मुख्यतः भाकरी-भाताचा असेल तर एक ग्रॅम धरावे. पन्नास किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. दोन वेळचे घट्ट वरण किंवा उसळ, दूध-दही आणि दोन अंडी यांतून ते जमते. शेंगदाणे मात्र स्वच्छ हवेत. वाळवीने किंवा किडीने पोखरलेल्या शेंगांत बुरशी शिरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होते. काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून टाकावेत. ‘घरी खायला चालतील’ म्हणून तेच मागे ठेवण्याची रीत वाईट आहे.

पुष्कळ किडकिडीत माणसांची तक्रार असते की दोन घासांतच पोट भरते. त्यांच्यासाठी मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व उपयोगी पडते आणि त्यामागचे कारण जाणण्यासारखे आहे. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होते व ते स्टार्च तोडते. त्यामुळे त्याची पेज पातळ राहते. तेवढ्याच वाटीत अधिक पीठ, म्हणजे अधिक ऊर्जा मावते. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. मग वाळवून, मोड चोळून काढून, मंद आचेवर हलकेच भाजून दळावी. करपवल्यास विकर नष्ट होते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, हा वरचा लाभ.

भूक मारणाऱ्या सवयीही पाहाव्या लागतात. पहाटे चहा, शेतावर पुन्हा चहा आणि पहिली भाकरी अकराला, ही सुगीतली दिनचर्या. त्यात तंबाखू, गुटखा किंवा मिश्री असेल तर भूक आणखी मरते. ‘दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला?’ हा प्रश्नही रास्त आहे. शेतकाम बहुधा तासन्तास चालणारे, एकसुरी असते. ते ऊर्जा खर्च करते, पण स्नायूला वाढता भार देतेच असे नाही. आठवड्यातून तीन दिवस, वीस मिनिटे, क्रमाने वाढवलेल्या जोर-बैठका पुरतात. ऐन सुगीत त्या बंद ठेवल्या तरी चालतील, जेवण मात्र तेव्हा वाढायला हवे.

वजनाशी निगडित एक बाब कीटकशास्त्राच्या अंगणातली आहे. कीटकनाशकाची तीव्रता शरीराच्या दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. तेवढेच औषध अंगावर उडाले, तर पंचेचाळीस किलोच्या फवारणी कामगाराच्या वाट्याला सत्तर किलोच्या कामगारापेक्षा दीडपटीहून अधिक मात्रा येते. हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर कपडे सर्वांनाच हवेत. किडकिडीत माणसाच्या बाबतीत त्यात सवलत तर मुळीच नको.

काही माणसे जन्मतःच सडपातळ असतात. त्यांचे वजन वर्षानुवर्षे स्थिर असते, अंगात उत्साह असतो. त्यांना थट्टेपासून सोडवणे एवढेच करायचे असते. ज्याचे वजन प्रयत्नाशिवाय घटत चालले आहे, त्याला आहाराचा सल्ला देण्याआधी तपासणी हवी. अनवाणी शेतात वावरणाऱ्यांत अंकुशकृमी, त्यातून रक्तक्षय, तसेच थायरॉइडचा दोष, मधुमेह, मनाची उदासी अशी अनेक कारणे असू शकतात. सर्वांत आधी पाहायचा तो क्षयरोग. कुपोषणाने क्षय बळावतो आणि क्षयाने माणूस आणखी वाळतो. झारखंडमधील एका मोठ्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरच्यांना सहा महिने अधिक शिधा देण्यात आला. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले : त्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. त्याच प्रकल्पात, उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे फक्त दोन किलो. निक्षय पोषण योजनेत उपचार सुरू असलेल्या रुग्णाला नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप आणि सैल होत चाललेले कपडे हे तिन्ही एकत्र दिसले, तर त्या माणसाला त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकीच्या तपासणीसाठी न्यावे; ती तेथे मोफत होते.