पाणबुड्यांचा रंगीत पट्टा : आधी धागा, मग रंग

सॅक, बॅगा आणि सामान बांधण्याचे पट्टे शिवणाऱ्या कारागिरांना नवार म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. परंतु त्याच नवारीच्या जातीचा एक पट्टा असा आहे, की ज्याची पारख करताना नेहमीचा अंदाज चालत नाही. तो म्हणजे पाणबुड्यांच्या हार्नेसचा पट्टा. मालवण-तारकर्लीचा किनारा, गोवा, अंदमान आणि लक्षद्वीप येथे स्कूबा डायव्हिंगचा व्यवसाय चालतो. तारकर्लीला तर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे. या धंद्यातील सामान झिजते, बदलावे लागते. आपल्या कारागिरांना हे काम जमण्यासारखे आहे. अट एकच, माल ओळखून घेतला पाहिजे.

हार्नेसची रचना साधी आहे. पाठीवर धातूची एक पाटी असते. तिच्या खाचांतून साधारण १२ फूट लांब आणि २ इंच रुंद असा एकच पट्टा ओवलेला असतो. तो दोन्ही खांद्यांवरून येऊन कमरेला बकलात अडकतो. अॅल्युमिनियमचे नेहमीच्या मापाचे रिकामे सिलिंडरच सुमारे १४ किलोचे असते. बोटीवर हे सारे ओझे पट्ट्यावर असते, आणि पाण्याखाली माणूस व त्याची हवा यांना एकत्र ठेवणारा पट्टा हाच असतो. म्हणून गिऱ्हाईक ‘लाल दाखवा, पिवळा दाखवा’ म्हणत असले, तरी विकणाऱ्याने पहिला प्रश्न धाग्याचा विचारावा.

धागा कोणता?

बाजारात तीन धागे मिळतात. पॉलिप्रॉपिलीन सर्वांत स्वस्त. ते पाणी पीत नाही, पाण्यावर तरंगते. परंतु उन्हापासून बचावाचे रसायन त्यात घातलेले नसेल, तर उन्हात लवकर भुसभुशीत होते आणि घासणीलाही कमी टिकते. बॅगेला ते ठीक, हार्नेसला नको. नायलॉन घासणीला उत्तम. धातूच्या खाचेत आणि बकलात रोज घासणाऱ्या पट्ट्याला हा मोठा गुण आहे. मात्र नायलॉन पाणी शोषते, ओले झाल्यावर थोडे ताणते आणि त्याची ताकदही काही प्रमाणात कमी होते. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी शोषत नाही, कमी ताणते आणि उन्हाला नायलॉनपेक्षा चांगले टिकते. सारांश, घासणी जास्त असेल तर जाड नायलॉन आणि बोटीवर दिवसभर ऊन असेल तर पॉलिएस्टर.

‘नायलॉन पट्टा’ म्हणून जे विकले जाते, ते नेहमी नायलॉनच असते असे नाही. छोटा तुकडा साबणाच्या पाण्यात नीट भिजवून ग्लासभर पाण्यात सोडावा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाला तर दोन धागे जाळून पाहावेत. काळा, काजळीचा धूर निघाला तर बहुधा पॉलिएस्टर असते.

पक्का रंग, कच्चा रंग

रंग किती टिकेल, हे तो धाग्यात केव्हा गेला यावर अवलंबून असते. धागा तयार होण्यापूर्वी वितळलेल्या मालातच रंगद्रव्य मिसळले, तर त्याला डोप डाईड म्हणतात. हा रंग धाग्याच्या आतपर्यंत असतो आणि ऊन, मीठ, क्लोरीन यांना सर्वांत जास्त टिकतो. परंतु गिरण्या तो मोठ्या लॉटमध्येच काढतात, त्यामुळे छटा मोजक्या मिळतात. विणल्यानंतर रंगवलेल्या मालात नायलॉनला ॲसिड रंग लागतो. पॉलिएस्टरचा रंग दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसला चढवतात. नायलॉनवरचा रंग जलतरण तलावाच्या क्लोरीनने लवकर उडू शकतो. निऑन छटा दुकानात डोळ्यांत भरतात, पण उन्हात सर्वांत आधी त्याच फिक्या पडतात.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगावी. पाण्याखाली लाल रंग आधी हरवतो. पाच-दहा मीटर खोलीवरच तो तपकिरी, काळपट दिसू लागतो. सोबत्याला पट्टा दिसावा म्हणून रंग हवा असेल, तर पिवळा घ्यावा.

मोठी ऑर्डर असेल तर पुरवठादाराकडे चाचणीचा अहवाल मागावा. समुद्राच्या पाण्यासाठी आयएसओ १०५-ई०२, क्लोरीनच्या पाण्यासाठी ई०३, घासणीसाठी एक्स१२ आणि उजेडासाठी बी०२ अशी मानके आहेत. पहिल्या तिन्हींत ५ हा सर्वांत वरचा अंक, उजेडात ८. अहवाल नसेल तर घरीच पाहावे. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घालून पट्ट्याचा तुकडा पांढऱ्या सुती कापडाला टाचून रात्रभर भिजवावा. दुसरा तुकडा अर्धा पुठ्ठ्याने झाकून महिनाभर गच्चीवर उन्हात ठेवावा. कापड आणि पुठ्ठा, दोघेही खरे बोलतात.

विणकाम आणि शिलाई

पट्टा दाट आणि ताठ असावा. मऊ पट्टा धातूच्या अडकणीतून सरकतो आणि बांधलेली कडी जागेवर राहत नाही. काळा आणि रंगीत पट्टा एकाच नावाने विकला, तरी दोन्हींचा ताठपणा हाताने तपासावा. सुईच्या मागावर विणलेल्या पट्ट्याची एक किनार टाके गुंफून बंद केलेली असते. तिला कुलूपधागा नसेल, तर एक टाका तुटल्यावर किनार उसवत जाते. किनार नखाने खरवडून पाहावी. पट्टा अडकणीतून ओवूनही पाहावा, कारण ‘दोन इंची’ म्हणून मिळणारे सगळे पट्टे सारख्या मापाचे नसतात.

शिलाईला सुती दोरा वापरू नये. ओलाव्याने तो कुजतो. जाड पॉलिएस्टर दोरा घ्यावा आणि चौकोनात फुली असा टाका घालावा. टोके तापलेल्या सुरीने कापावीत. एका ऑर्डरचा माल एकाच लॉटमधून घ्यावा, नाहीतर छटा बदलते. ५० मीटरच्या रोलमध्ये १२ फुटांचे १३ पट्टे बसतात आणि सुमारे २.४ मीटर उरते. भाव सांगताना हे धरावे.

माल देताना गिऱ्हाइकाला सांगावे, की प्रत्येक वापरानंतर पट्टा गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. वाळलेल्या मिठाचे खडे धागा आतून कातरतात.

शेवटी बिलाची गोष्ट. बिलावर नुसते ‘रंगीत पट्टा’ लिहू नये. धागा, रुंदी, लॉट आणि रंगाची पद्धत लिहावी. जे ठाऊक नाही त्याची हमी देऊ नये. सॅकचा पट्टा तुटला तर सामान पडते आणि गिऱ्हाईक दुकानात भांडायला येते. या पट्ट्याच्या बाबतीत तक्रार घेऊन येणारा माणूस परत येईलच, याची खात्री नसते.